खारवण्याची चूल

सोलापुरात आमच्या चाळीत आठ खोल्या. सात खोल्यांतल्या चुली मातीनं लिंपलेल्या, बाजूला वैल काढलेल्या, भिताडाला धरून बांधलेल्या. आठव्या खोलीत नुसते तीन दगड. ती आमची खोली. बारा वर्सं मी त्या दगडांना मातीचं बोट लावलं न्हाय.

शेजारच्या नागम्माला ह्याचं लई हसू यायचं. ती तेलंगी, घरात हातमाग, दिसभर उंबऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायची. "बाळक्का, तुझी चूल पक्की कवा व्हायची?" असं रोज इचारायची. मी म्हणायची, तुझं तोंड बंद व्हईल त्या दिवशी. तरी बाई मनावर घ्यायची न्हाय, उलट मलाच वाटीभर चिंचेचं सार आणून द्यायची. तिला काय सांगणार? चूल लिंपली म्हंजे ऱ्हायलो की आपण. आन् मला सोलापुरात ऱ्हायाचं नव्हतं. एक दिस बी नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला की मला वाटायचं कुणीतरी आपल्याला हाकलतंय, आन् मी मनात म्हणायची, हाकला की, मी कवाची निघायला बसलीय.

मी धनगराची. सांगोल्याच्या खालतीकडं आमचं गाव. पाऊस आमच्याकडं रुसलेल्या पावण्यावानी येतो, पाणी प्यायला बी थांबत न्हाय. म्हणून दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. आमी म्हंजे आमचा वाडा. वाडा म्हटलं की शहरातल्या लोकांना दगडी भिंती दिसतात. आमचा वाडा चालायचा. तीन बिऱ्हाडं, तीनशे मेंढरं, चार घोडी, दोन कुत्री आन् घोड्यावर खुराड्यात बसलेल्या कोंबड्या, एवढ्याला वाडा म्हणायचं. आटपाडी, विटं, कऱ्हाड, पाटण, मग कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूण, आन् तितनं दर्याच्या अंगाला. बावीस-तेवीस तळ पडायचे.

चालायची रीत अशी. गडी मेंढरं चारत रानारानानं यायचे. आमी बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून सरळ वाटेनं म्होरं जायाचो. तळ बायांनी धरायचा. जागा झाडायची, पाल ठोकायचं, तीन दगड मांडायचे, गडी यायच्या आत कालवण रटरटलं पायजे. पाणी कुटं, वारा कुठनं, मुंग्या हाईत का, हे सगळं बाईच्या डोळ्यानं ठरायचं. म्हणून तळ बाईचा आन् चूल बी बाईचीच. शेतवाला आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचा, त्याच्या जमिनीला खत व्हायचं आन् आमच्या पोटाला भात मिळायचं.

आता आमचा नेम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. तळ उठवताना बाईनं चूल मोडायची न्हाय. राख काढायची, दगडांवर हिरवा पाला ठेवायचा, हात जोडायचे आन् निघायचं. दगड तसेच उभे. दुसरा कुठला वाडा आला आन् त्यानं उभी चूल बघितली, की समजायचं, हितं कुणीतरी माघारी येणार हाय. तो म्होरं जायाचा. पण त्या बाईनं दगड पालथे केले, काळी बाजू मातीत घातली, की तिनं त्या जागेला सांगितलं, तुझं-माझं संपलं. ते बी तिच्याच हातानं, नवऱ्याच्या न्हाय, सासूच्या न्हाय. आन् पालथ्या चुलीचं परत कुणी नाव काढायचं न्हाय. का केली, कशाला केली, इचारायचं न्हाय. इचारलं तर मेंढरांवर येतं म्हणायचे. माझ्या सासूनं उभ्या जल्मात एकच चूल पालथी केली, आन् ती कुठल्या तळाची, ते ती मरस्तवर मला कळलं न्हाय.

कोकणातले आमचे तळ तीन. पयला चिपळूणच्या म्होरं, देवळाच्या तळ्याकाठी वडाखाली. सावली गार, पण माकडं तव्यावरची भाकरी पळवायची. दुसरा वरच्या सड्यावर, नुसता जांभा दगड. पालाची मेख ठोकाया गेलं की मेखच वाकायची, म्हणून दोऱ्या धोंड्यांना बांधायच्या आन् रातभर पाल फडफडायचं. तितनं पयल्यांदा दर्या दिसायचा, खाली, लांब. मला आधी वाटलं आभाळच हाय. आन् तिसरा तळ खारवणं. गुहागराच्या वाटेवरनं खाली उतरलं की बारकं गाव. नारळीच्या आगरामागं येसूबायचं भाताचं वावर, वावराच्या बांधाला सुरूची झाडं, सुरू संपले की वाळू. वाळूच्या म्होरं काय बी न्हाय, नुसता दर्या.

लग्नानंतरच्या पयल्याच वर्सी मी तितं नाव काढलं. एवढं पाणी बघून मी येडीच झाले. आमच्याकडं हिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, आन् हितं कुणी मालक न्हाय, राखण न्हाय, पाणी आपलं आपण पायाशी येतंय. भरली घागर आन् टाकलं त्यातच कालवण. गडी जेवायला बसले, पयला घास घेतला आन् सगळा वाडा एकदम थुंकला. सासूनं माझ्या सात पिढ्या काढल्या. आमचे कारभारी तेवढे काय बोलले न्हाईत, उठून आपलं ताट कुत्र्याम्होरं ठेवलं. कुत्र्यानं बी तोंड लावलं न्हाय. बांधावर उभी ऱ्हाऊन येसूबाय पोट धरून हसत व्हती. तितनं आमची गट्टी जमली.

येसूबाय भंडारी जातीची, माझ्यापरास दहा-बारा वर्सांनी मोठी. नवरा गलबतावर गेला तो परत आला न्हाय. आगर एकटीच बघायची. तिनं मला गोड्या पाण्याची हीर दाखवली, शहाळं कोयत्याच्या एका घावात कसं उघडायचं ते शिकवलं. मी तिला लोकर कातायला शिकवली, ती जाड-बारीक कसा बी धागा काढायची, पण मी त्याची घोंगडी विणून दिली तवा ती पांघरून दिसभर उन्हात फिरली. आमच्या चुलीचा नेम मीच तिला सांगितला व्हता. ती म्हणाली, तुमचा दगडांवर माणसांपेक्षा भरवसा गो.

खारवण्याला आमी दीड महिना असायचो. मेंढरं दर्याला भ्यायची, पण खडकांवरचं मीठ चाटायला हळूच जायाची आन् लाट आली की एकमेकांच्या अंगावर पडत पळायची. भाकरीत वाळू यायची, पांघरुणात वाळू यायची, पोरगी झाली तर तिच्या कानात बी वाळू. रातच्याला खेकडे पालात शिरायचे. सुरूंतनं वारा असा वाहायचा की बोललेलं ऐकू यायचं न्हाय. सासू करवादायची. मला सगळं आवडायचं. सांज झाली, भाकरी थापून झाल्या, की मी पदर खोचून बांधावर जाऊन बसायची आन् दिस बुडस्तवर बघायची. काय बघायची म्हणाल तर काय बी न्हाय. आमच्या मुलखात जिकडं बघावं तिकडं काम दिसतं. तितं नजरंला काम नव्हतं. सासू म्हणायची, गेली बघा दर्याची बायको.

कारभारी मातुर कदी बघायचे न्हाईत. माझ्यापासनं चार हातांवर बसायचे, पण दर्याकडं पाठ करून. मी म्हणायची, अवो, जरा वळा की, केवढं तांबडं झालंय. ते म्हणायचे, व्हय. आन् वळायचे न्हाईत. मला वाटायचं, ह्या माणसाला दर्या बघवत न्हाय. तसे ते कमीच बोलायचे. एक वाक्य बोलायचं, मग लांब बघायचं, मग दुसरं. दोन वाक्यांच्या मदी दुसऱ्याची चिलीम भरून व्हायची. आन् मी ही अशी, तवा तापायच्या आत भाकरी टाकणारी.

सात वर्सं असं चाललं. आठव्या वर्सी मेंढरांत देवी आली. निम्मी खांडं, म्हंजे कळपच्या कळप, मेली, आमच्या वाटणीची तर चाळीसच ऱ्हायली. खारवण्याला पोचलो तवा सगळ्यांची तोंडं उतरलेली. तरी मला बरं वाटलं, दर्याला काय देवी आली नव्हती. दीड महिना सरला. तळ उठवायच्या सकाळी मी राख काढली, सुरूची हिरवी डहाळी मोडून आणली आन् दगडांवर ठेवायला वाकले. तेवढ्यात कारभारी मागं येऊन उभे ऱ्हायले.

"औंदा माघारी गेलं की आपण सोलापूरला जायाचं," ते म्हणाले. "मी गिरणीत लागतोय."

एवढं बोलून थांबले, आन् लांब बघाया लागले.

माझं डोकंच फिरलं. दीड महिना हा माणूस माझ्या हातचं जेवतोय आन् मनात गिरणी घिऊन बसलाय. एका शब्दानं बोलला न्हाय. मी हितं बसून पुढल्या वर्साचे बेत करतेय, पोरीला पवायला शिकवीन म्हणतेय, आन् ह्याचं सगळं ठरलेलं. हातातली डहाळी मी भिरकावली आन् लाथेनं एक, दोन, तीन, तिन्ही दगड पालथे केले. संपलं म्हणाले. हितलं बी संपलं आन् सगळंच संपलं.

सासू मटकन खाली बसली. धाकले दीर मायाप्पा, त्यांनी तोंड फिरवलं. कारभाऱ्यांनी बोलायला तोंड उघडलं, दगडांकडं बघितलं, आन् तोंड मिटून घोड्याची दोरी सोडाया गेले. बांधावरनं येसूबायनं मला हाक मारली, बाळाबाय, बाळाबाय, दोनदा. मी मागं वळून बघितलं न्हाय. घाट चढताना राग उतरला, पण तवर काय उपेग. ज्या हातानं चूल पालथी केली त्या हातानं वरीस फिरल्याबिगर ती सुलटी करता येत न्हाय. आन् वरीस फिरलं तवा आमी सोलापुरात.

सोलापूर वाईट हाय असं मी म्हणत न्हाय. नळाला पाणी येतं, बाजार हाय, माणसं भली हाईत. पण मला तितं बसवत नव्हतं. चाळीस मेंढरं मायाप्पा भावजींच्या खांडात सोडली. कारभारी पिंजणखात्यात लागले. सकाळी काळं गेलेलं माणूस सांजच्याला कापसानं पांढरं होऊन यायचं आन् भिताडाला टेकून खोकत बसायचं. पोरगी मोठी झाली, तिला मंगळवेढ्याला दिली. दिवाळी झाली की माझे पाय वळवळायचे. आज विट्याचा तळ असंल, आज घाट उतरत असतील, आज सड्यावर पोचले असतील, असं मी भाकरी थापताना मोजायची. सड्याच्या दिवशी मला जेवण जायाचं न्हाय. खारवण्याचा दिस मोजायचा न्हाय असं मी मनाला बजावलं व्हतं, तरी तो दिस यायचाच.

नागम्मा एकदा मला कंबर तलावावर घिऊन गेली. म्हणाली, बघ की तुझं पाणी. मी बघितलं. हिकडचा काठ दिसतो, तिकडचा काठ दिसतो, मदी म्हशी. त्याला काय बघायचं. घरी येऊन मी रडले, आन् नागम्माला वाटलं, हिला म्हशी आठवल्या.

कारभाऱ्यांशी मात्र ह्यातलं अक्षर बोलायची सोय नव्हती. चूल पालथी झालेली, नाव काढायचं न्हाय. त्यांनी बी काढलं न्हाय. दर दिवाळीला ते फळीवरची घोड्याची जुनी दोरी खाली घ्यायचे, उंदरानं कुरतडलीय का बघायचे, तेलाचा हात फिरवून परत ठेवायचे. मला वाटायचं, ती विकायला गिऱ्हाईक बघतायत. मार्शल लॉच्या साली शहर बंद पडलं, रस्त्यानं गोरे सोल्जर फिरायचे, चाळीतल्या बाया दारं लावून देवाचा धावा करत व्हत्या. मी ट्रंकेतनं पालाचं कापड काढून गॅलरीत उन्हाला घातलं. म्हटलं, आता तरी हा माणूस म्हणंल, चल. त्यांनी कापडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् म्हणाले, घडी घालून ठेव, धूळ बसंल. मी घडी घातली आन् दोन दिस त्यांच्याशी बोलले न्हाय.

औंदाच्या दसऱ्यानंतर मायाप्पा भावजी आले. दरसाल एकदा येतात, घोड्यावर घोंगड्या लादून, बाजारात विकतात, आमच्याकडं एक मुक्काम करतात आन् जातात. औंदा आले ते दारातच थांबले. माझ्या तीन दगडांकडं बघत ऱ्हायले. मग बसले, पाणी पिले आन् म्हणाले, "वैनी, खारवण्याची चूल उभी हाय."

त्या चुलीचं नाव ह्यांनी कसं काढलं, हेच मला आधी कळंना. मी कानांवर हात ठेवले. भावजी म्हणाले, सुलट्या चुलीचं नाव काढायला बंदी न्हाय, ऐका.

झालं व्हतं ते असं. मी चूल पालथी केल्यापासनं त्यांचा वाडा सड्यावरनंच माघारी फिरायचा, खारवण्याकडं कुणी फिरकलं न्हाय. गेल्या शिमग्याला भावजी मिठासाठी गुहागरच्या बाजाराला उतरले, तर एका म्हाताऱ्या बाईनं त्यांची घोंगडी मागनं धरली. भर बाजारात त्यांना शिव्या घातल्या. बारा वर्सं तोंड दाखवलं न्हाय, आमची बाळाबाय मेली का जिती ते तरी सांगा म्हणाली. ती येसूबाय. तिनं त्यांना ओढत वावरात नेलं. सुरूच्या बाजूला, आमच्याच जागेवर, तीन दगड उभे. भवताली शेणानं सारवलेलं. मदी राख, आन् राख ऊन. ती दर शिमग्याला त्या चुलीवर पेज शिजवते. मदल्या काळात दोन वाडे आले, जागा मागत व्हते, तिनं हाकलून दिले. चुलीला मालकीण हाय म्हणाली.

तिनं माझ्यासाठी निरोप दिला व्हता, तो भावजींनी पाठ करून आणला व्हता. "बाळाबायला सांग, तू पालथी केलीस त्याच सांजेला मी सुलटी केली. मी काय तुमच्यातली नाय, मला तुमचा नेम लागत नाय. पण आता पुतणे वावरात नारळ लावायचे म्हणतात. येत्या शिमग्यापर्यंत मी त्यांना थोपवलंय. राहायचं तर ये. नायतर ये आणि तुझ्या हातानं पालथी कर. मी करायची नाय."

भावजी म्हणाले, मी गावातल्या म्हाताऱ्यांना इचारलं. त्यांनी लई डोकं खाजवलं. बाईनं पालथी केली, बाईनंच सुलटी केली, नेम कुटं मोडला म्हणाले. मग भावजी म्हणाले, "घोंगड्या विकून झाल्या की घोडं रिकामं हाय, वैनी."

मी काय सांगू मला काय झालं. मला आनंद झाला न्हाय. मला राग आला, आन् कुणावर ते कळंना. दिस मावळायला कारभारी आले, कापसानं पांढरे, खोकत. भावजींनी त्यांना बी सगळं सांगितलं. ते भिताडाला टेकले आन् लांब बघाया लागले. आमच्या खोलीत लांब बघायला जागा न्हाय, समोर नागम्माच्या घराचा पत्रा. पण ते बघत ऱ्हायले. मला दम निघंना. बारा वर्सांचं सगळं माझ्या तोंडातनं भडाभडा आलं. तुमी मला हितं आणून कोंडलं, मला न इचारता गिरणी ठरवली, चाळीस मेंढरांसाठी माझा दर्या घालवला, तुमाला त्याचं काय, तुमी तर त्याच्याकडं ढुंकून बघितलं न्हाय. चाळीतल्या बाया दारात जमल्या तरी मी थांबले न्हाय. मग श्वास लागला म्हणून थांबले.

तवा ते बोलले. "मी वर्सासाठीच म्हणणार व्हतो."

वर्सासाठी म्हंजे? मी इचारलं.

"मेंढरं मायाप्पाकडं वाढवायला ठेवायची, एक वरीस गिरणी करायची, आन् पुढल्या दिवाळीला परत वाटंला लागायचं. एवढं सांगायचं ऱ्हायलं व्हतं. तवर तू चूल पालथी केलीस." मग खोकले, खोकून झाल्यावर म्हणाले, "मला वाटलं, चालण्यावरनं तुझंच मन उठलं. चूल तुझी. मी कसं इचारणार?"

मायाप्पा भावजी खाली मान घालून म्हणाले, व्हय वैनी, वर्साचीच बोली झाली व्हती आमची. मेंढरं हाईत अजून. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी कान कापून येगळी ठेवलीत. दादा येतील तवा म्हणून.

बारा वर्सं. फळीवरची दोरी गिऱ्हाइकासाठी नव्हती. घडी घालून ठेव म्हणाले ते कापड टिकावं म्हणून. एका खोलीत, एका ताटात, दोघं बी एकाच वाटेवर डोळा लावून बसलेलो, आन् प्रत्येकाला वाटतंय दुसऱ्यानंच वाट मोडली. मी थोडी थांबले असते, एक चिलीम भरायला लागती तेवढी, तर ह्या माणसाच्या छातीत कापूस गेला नसता. मला माझ्या पायाचा राग आला. मी तिथंच बसून पायावर हात मारून घेतला आन् मोठ्यानं रडले, आन् मला त्याची लाज वाटली न्हाय.

रडून झाल्यावर मी इचारलं, अवो, पण तुमाला तर दर्या बघवत नव्हता. सात वर्सं पाठ करून बसला तुमी.

त्यांना ह्याचं नवल वाटलं. "तू तिकडं बघत बसायचीस," ते म्हणाले. "मग मेंढरांकडं कुणी बघायचं?"

दोन दिसांनी आमी निघालो. गिरणीतल्या मुकादमाला, जॉबरला, सांगून आले कारभारी. छाती खराब हाय, घाट उतरवंल का न्हाय ते सांगता येत न्हाय, तितवर पोचतील का न्हाय ते बी सांगता येत न्हाय. मी म्हटलं, पोरीला बांधायची तसं घोड्याला बांधून नेईन, शेजारी कोंबड्या देते गप्पा मारायला. ते हसले. सोलापुरात आल्यापासनं त्यांना मी हसताना बघितलं नव्हतं, का बघायचंच मी सोडून दिलं व्हतं, कुणास ठाऊक.

सकाळी भोंगा झाला. आमच्या खोलीतनं कोण बी उठून पळालं न्हाय. मी चहा केला, भाकरी बांधल्या, राख काढली आन् चुलीम्होरं बसले. भावजी आन् कारभारी बाहेर घोडं लादत व्हते, आत यायचं न्हाय हे त्यांना बी कळत व्हतं. मी ह्या बारीला पाय लावला न्हाय. दोन्ही हातांनी एकेक दगड उचलला आन् काळी बाजू खाली करून ठेवला. तिसरा अजून गरम व्हता. नागम्मा साराची वाटी घिऊन दारात उभी ऱ्हायली. हे काय करतीस बाळक्का, का ग, अशी इचाराया लागली. तिला मी काय बी सांगितलं न्हाय. तिच्या गळ्यात पडले, सार तितंच उभ्यानं पिले आन् वाटी इसळून दिली. तुमाला सांगितलं ते सांगितलं, आता परत इचारू नका.

शहर सुटलं, तिऱ्हे गावाच्या अलीकडं ऊन चढलं. भावजी म्होरं, मी घोड्याची दोरी धरलेली, वर कारभारी, मागं पालाचं कापड. गिरणीचं धुराडं दिसायचं बंद झालं तवा ते वरनं म्हणाले, "औंदा मेंढरं मायाप्पा बघंल."

आन् थांबले. लांब बघाया लागले.

माझ्या तोंडात दहा गोष्टी आल्या. बघंल न्हाय तर काय करंल, आन् तुमी काय करणार, आन् आधी तितवर पोचा तर. मी जीभ दाताखाली धरली. एक बाभळ गेली. दुसरी गेली. एक बैलगाडी आमाला वलांडून गेली, तिची धूळ बसली. मी चालत ऱ्हायले.

"मी बी तिकडंच तोंड करून बसंन म्हणतो," ते म्हणाले.